पहिल्या घागरीचं पाणी

आमच्या गल्लीत नळ सकाळी साडेपाचला येतो, आणि येण्याआधी खोकतो. आधी नुसती हवा, मग चार थेंब, पुन्हा हवा, आणि मग एकदम धार. नागपूरच्या महाल भागातल्या या घरात मी लग्न होऊन आले त्याला बरीच वर्षं झाली, त्यामुळे तो आवाज मला ऐकूही येत नसे. आई आमच्याकडे राहायला आली आणि त्या खोकल्याची वाट पाहणारं माणूस घरात आलं. मी डोळे चोळत उठेपर्यंत ती मोरीपाशी पाटावर बसलेली असे, समोर तांब्याची घागर. पहिली धार त्या घागरीत. ते पाणी देवाचं. मग बाकीच्यांनी काय भरायचं ते भरावं.

घागर तिने उमरेडहून आणली होती. कपड्यांची एक मोठी पिशवी, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण आणि ही घागर, एवढंच सामान. बसमध्ये तिने घागर मांडीवर घेतली होती. कंडक्टर म्हणाला, "आजी, वर रॅकवर ठेवा ना." तर म्हणाली, "तू ठेवशीन का तुह्या मायले रॅकवर?" सगळी बस हसली, कंडक्टरसुद्धा.

उमरेडला आमचं विणकराचं घर. बाबा मागावर बसत. सूत रंगवणं, ताण्याला खळ लावणं ही कामं आईची. परसात विहीर होती. पहाटे सगळ्यांच्या आधी आई त्यात पोहरा सोडी. पहिलं पाणी देवाला आणि प्यायला, मग स्वयंपाकाला, मग रंगाच्या भांड्यात, आणि दिवस वर आल्यावर जे निघेल ते भांडी घासायला. हा क्रम मी कळायला लागल्यापासून पाहिला. आईला लिहिता-वाचता येत नाही, पण रंग कळतो. शेजारच्या बाया ओल्या सुताची लड घेऊन तिच्याकडे येत आणि विचारत, "पाय वं, चढला का रंग?" आई लड उजेडाकडे धरी, बोटांत पिळून पाही आणि सांगे, "एक उकळी कमी पडली." तिचं चुकलेलं मला आठवत नाही.

दहावीनंतर बाबा मला घरी बसवायला निघाले होते. वाईट हेतू नव्हता. आमच्या घरात दहावीच्या पुढे काय असतं हेच कोणाला माहीत नव्हतं. आई एवढंच म्हणाली, "तिले जाऊ द्या. दुपारची मागावर मी बसीन." आणि बसली. मी पदवी घेऊन आले तोवर बसली. मी आज ज्या कार्यालयात लिपिक म्हणून खुर्चीत बसते, ती खुर्ची मला त्या दुपारांनी दिलेली आहे.

दुसरं ऋण शाळेतल्या मराठीच्या सरांचं. ते अर्जलेखन असं शिकवत की जणू तेच जगण्याचं मुख्य काम आहे. "आधी काय झालं ते लिहा. मग कधी झालं ते लिहा. रडणं शेवटी, जागा उरली तर," असं म्हणायचे. आम्ही हसायचो. त्या वाक्याने पुढे मला काय मिळवून दिलं ते सांगण्यासाठीच हे सगळं लिहिते आहे.

नागपूरला वसतिगृहात आले तेव्हा पहिल्या दिवशी मी तीनदा उगाचच हात धुतले होते. नळ फिरवला की पाणी! पेंचच्या जंगलाकडून, डोंगरातून, इतक्या लांबून पाणी निघतं, कुठेतरी गाळलं जातं, त्यात औषध पडतं, टाकीत चढतं, आणि कोण कुठली उमरेडची मुलगी चावी फिरवते तर तिच्या ओंजळीत पडतं. यामागे किती माणसं पहाटे उठत असतील असं मला तेव्हा वाटलं होतं. मैत्रिणी म्हणाल्या, "अगं, नळ आहे तो, चमत्कार नाही." मला अजूनही ते पुरतं पटलेलं नाही.

बाबा गेले आणि आई एकटी पडली. मी एकुलती. तिला इकडे आणायला मला वर्ष लागलं, कारण आमच्याकडे लेकीच्या घरी राहणं तर सोडाच, लेकीला मूल होईपर्यंत आईबाप तिच्या घरचं पाणीही पीत नाहीत. आम्हाला मूल नाही. एवढं सांगून पुढे जाते. उमरेडच्या बायांनी तिला टोमणे मारले होते: "जावयाच्या दारी चालली का वं? पाणी तरी सोबत ने." शेवटी माझे यजमान स्वतः उमरेडला गेले आणि तिच्यासमोर बसून म्हणाले, "आई, नळ महानगरपालिकेचा आहे, माझा नाही. तुम्ही लेकीचं पाणी नका पिऊ, सरकारचं प्या." ती हसली आणि आली.

तीन महिने छान गेले. मग पाऊस लागला आणि तिचं पोट बिघडलं. जुलाब, थोडा ताप, दोन दिवसांत गालाची हाडं वर आली. डॉक्टरांनी औषध दिलं आणि म्हणाले, "पाणी उकळून द्या." मी देऊ लागले. आमच्याकडे स्वयंपाकघरात स्टीलचा फिल्टर आहे, तो मी सहा-सव्वासहाला भरायची. आता त्यातलंच पाणी उकळून, गार करून आईच्या वेगळ्या लोट्यात ठेवू लागले. तिला ते आवडत नसे. "चव मेली हाय त्याची," म्हणायची, पण प्यायची.

तरी ती पुन्हा आजारी पडली. मध्ये आठ दिवस उमरेडला गेली होती तेव्हा ठणठणीत होती. परत आली आणि पाचव्या दिवशी आडवी झाली. मग तिसऱ्यांदा. आम्ही दोघं मात्र धडधाकट. फिल्टरचं पाणी आम्ही न उकळता पीत होतो, आणि उकळलेलं पिणारी एकटी आई खंगत होती. डॉक्टरही बुचकळ्यात पडले. म्हणाले, वय झालं की पोट नाजूक होतं.

मी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात फोन करून तक्रार नोंदवली. एक कर्मचारी आला, साडेसहाच्या सुमारास. चालू नळाखाली बाटली भरली, आणि काही दिवसांनी कळवलं की पाणी पिण्यायोग्य आहे. मला आनंद व्हायला हवा होता. आईने ऐकलं आणि बराच वेळ लोटा पुसत राहिली. मग म्हणाली, "पाणी चांगलं हाय, जावईबापू चांगले, तू चांगली. मंग मीच चुकली. मी हे पाणी प्यायले नको होतं."

"आई, असं काही नसतं."

"तू शिकली म्हणून तुले नसते. मले हाय." तिने खुंटीवरची मोठी कापडी पिशवी काढली आणि तिच्यात लुगडी भरायला सुरुवात केली. "सोमवारच्या बसनं जाते. तुह्यावर राग नाई माय. पण आता बोलवू नको."

उमरेडची विहीर आता बुजवून टाकलेली. पाणी आणायचं ते चौकातल्या हातपंपावरून. आणि तिचे गुडघे असे, की पाटावरून उठताना भिंत लागते. मी भांडले, रडले. ती ऐकून घ्यायची आणि पिशवी भरत राहायची. त्या दिवशी मंगळवार होता.

त्याच संध्याकाळी मी अर्ज लिहायला बसले. यजमान डोकावून म्हणाले, "एकदा तपासून गेले ना ते. पुन्हा काहून?" सरांनी शिकवलं तसं लिहिलं. आई कोणत्या दिवशी आली, कोणत्या दिवशी पहिल्यांदा आजारी पडली, कधीपासून पाणी उकळलं, कधी उमरेडला गेली, कधी बरी झाली, परत आल्यावर कितव्या दिवशी पोट बिघडलं. नळ किती वाजता येतो, आधी हवा येते, किती वाजता जातो, नमुना किती वाजता घेतला. रडण्यासाठी जागा उरली नाही. बुधवारी सकाळी रजा टाकून अर्ज ऑफिसात नेऊन दिला. टेबलावरच्या बाबूंनी कागद उलटून पाहिला आणि म्हणाले, "ताई, अर्ज आहे का निबंध?" पण शिक्का मारून पोच दिली.

गुरुवारी संध्याकाळी फोन आला. बाईचा आवाज, पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेतून. "तुमचा अर्ज वाचला. तुमच्याकडे नळ साडेपाचला येतो आणि नमुना साडेसहाला घेतला, असं लिहिलंय. बरोबर?"

"हो."

"मी उद्या सव्वापाचला येते. मी येईपर्यंत नळाची चावी फिरवू नका." एवढं बोलून तिने फोन ठेवला.

शुक्रवारी अजून नीट उजाडलं नव्हतं तेव्हा दारात स्कूटी थांबली. पस्तिशीची बाई, डोक्याला स्कार्फ, मागे बर्फाची पेटी बांधलेली. ती शहराबाहेरून, पार खापरखेड्याकडून आली होती. म्हणजे घरून किती वाजता निघाली असेल ते मी मनात मोजलं आणि मला चहा विचारायचीही लाज वाटली. तिने मोरीकडे पाहिलं. आई पाटावर बसलेली, घागर नळाखाली.

"आजी, पहिली धार मला लागते," ती म्हणाली.

"ते देवाची हाय," आई म्हणाली. घागर हलली नाही.

"अर्धी बाटलीच लागते. देवाले विचारून पाहा ना." ऑफिसातली भाषा सोडून ती एकदम आमच्या बोलीत आली होती. "मी त्याच्यासाठीच उठून आली एवढ्या लांबून."

आईने तिच्याकडे निरखून पाहिलं. लांबून आलेल्या माणसाला आमच्याकडे रिकामं पाठवत नाहीत. तिने घागर वीतभर बाजूला सरकवली. नळ खोकला. बाईने पहिली उसळी छोट्या बाटलीत झेलली, झाकण लावलं, पेटीत ठेवली. एका काचेच्या नळीतही थोडं पाणी घेतलं. मग हाताने खूण केली, आणि आईने घागर पुढे ओढली. पाणी दिसायला स्वच्छच होतं.

"आता दहा मिनिटं वाहू द्या. बादल्या भरून घ्या, वाया नका घालवू," बाई मला म्हणाली. तिने नळीत एका कुपीतून काही थेंब टाकले आणि नळी उंच धरली. "यात औषध असलं, म्हणजे पाणी शुद्ध करायचं औषध, तर पिवळा रंग येतो." रंग आला नाही. तिने फक्त वहीत टिपलं आणि विचारलं, "आजी दिवसभरात काय काय पाणी पितात?"

"सगळं उकळून देते मी," मी म्हणाले. आवाजात थोडा अभिमानच होता. "एक घोटसुद्धा न उकळलेला नाही."

दहा मिनिटांनी तिने स्पिरिटचा बोळा चिमट्यात धरून पेटवला आणि नळाच्या तोंडाभोवती फिरवला, नळाला बाहेरून लागलेलं काही बाटलीत जाऊ नये म्हणून. आई देव्हाऱ्यापाशी बसून बाळकृष्णाला स्नान घालत होती. तिथून तिने मान वळवली. "ते पोरगी नळाले ओवाळून राहिली का वं?"

"हो आजी," बाई म्हणाली, "पाहुणा हाय ना, लांबून आला पेंचहून." आई खुदकन हसली. त्या आठवड्यात मी तिचं पहिलं हसू पाहिलं.

दुसरी बाटली भरली. दुसऱ्या नळीत थेंब पडले आणि पाणी हलकं पिवळं झालं, बेसनाच्या लाडवाला हात लागल्यावर बोटांवर राहतं तेवढं. मी दोन्ही नळ्यांकडे पाहत होते आणि मला एवढंच कळत होतं की यात काहीतरी आहे. एवढ्यात आई उठून आली. हातात पळी आणि छोटी वाटी. पूजा झाली की घरात जो असेल त्याला ती तीर्थ देते. आधी तिने स्वतः घेतलेलं होतं. ओठ ओले होते. पाहुणीपुढे तिने पळी धरली.

बाईने उजव्या हाताचा तळवा पुढे केला. तीर्थ तळव्यात पडलं. तिने तो हात तोंडाकडे नेला नाही. तसाच धरून विचारलं, "आजी, हे पाणी त्या घागरीतलं का?"

"मंग? देवाले दुसरं कोठलं?"

"रोज घेता?"

"चाळीस वर्षं झाली."

माझ्या हातातली बादली खाली टेकली. मी लोट्यातलं पाणी उकळलं होतं, चहाचं पाणी उकळलं होतं, चूळ भरायचंसुद्धा उकळून दिलं होतं. तीर्थ हे पाणी असतं हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. अर्जात मी सगळे दिवस लिहिले, सगळ्या वेळा लिहिल्या, आणि रोज सकाळी माझ्या डोळ्यांदेखत आई जे सगळ्यात आधी पीत होती तेच तेवढं राहिलं. मीही तीर्थ घ्यायची. पण कामाच्या घाईत तळहातावर घेऊन डोळ्यांना लावायची आणि केसांवरून हात फिरवून पळायची. यजमान तर त्या वेळी झोपलेले असत. आमच्या घरात ते मनापासून पिणारी एकटी आई होती.

बाईने तळव्यातलं पाणी कपाळाला लावलं, डोळ्यांना लावलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "आजी, वाटीतलं थोडं मले या नळीत देता?"

आईचा चेहरा बदलला. "देवाच्या पाण्याची परीक्षा घेते का?"

"देवाची नाई आजी. पायपाची."

आईने वाटीकडे पाहिलं. मग तिनेच पळीने नळीत पाणी ओतलं. थेंब पडले. बाईने तिन्ही नळ्या तिच्या हातात दिल्या. आईने त्या खिडकीतल्या उजेडाकडे धरल्या, जशी सुताची लड धरायची तशाच. एक पिवळसर. दोन कोऱ्या. आई एकीकडून दुसरीकडे पाहत राहिली. मला वाटलं ती विचारेल, हे काय आहे. तिने विचारलं नाही.

"याच्यावर रंग चढला," ती म्हणाली. "अन् याच्यात रंगच नाई धरला. देवाच्यातही नाई."

"बरोबर. नळ बंद झाला की पायप रिकामा होते," बाई सांगू लागली. "कुठं भोक असलं तर बाहेरचं घाण पाणी आत शिरते. औषध मरून जाते. सकाळी नळ आला की आधी ते बाहेर फेकते, मंग मागून चांगलं पाणी येते. तुमच्या वाट्याले रोज पहिलं आलं, आजी."

आई पाटावर बसली. "तांब्याच्या घागरीत पाणी शुद्ध होते म्हणतात."

"होते थोडंफार, पण तांब्याले वेळ लागते. तुम्ही तर लगेच देवाले घालता."

आई कितीतरी वेळ घागरीच्या काठावरून बोट फिरवत होती. मग मान वर न करता म्हणाली, "आमच्या विहिरीत रातभर गाळ खाली बसे. म्हणून पहिलं पाणी निर्मळ. इथी रातभर गाळ आत येते. उलटंच हाय सारं." आणि मग ज्या आवाजात ती बोलली तो मला अजून ऐकू येतो: "इतके दिवस मी त्याले हे पाणी घातलं?"

पदवीचं शिक्षण अशा वेळी तोंडात येत नाही. बाई तिच्याजवळ उकिडवी बसली. "देव सोसून घेते आजी. पोट नाई सोसत."

जाताना तिने चहा घेतला, उकळलेला म्हणून हसून घेतला. मी म्हणाले, "मॅडम, आधीच्या वेळी कोणी पहिलं पाणी पाहिलं नाही." ती म्हणाली, "त्यांचं चुकलं असं नाही. चालू पाण्याचाच नमुना घ्यायची पद्धत आहे. तुम्ही वेळा लिहिल्या म्हणून मला शंका आली. लोक पानभर रागावतात, आणि पाणी किती वाजता आलं ते सांगत नाहीत." मला शाळेतल्या सरांची आठवण आली आणि डोळे भरून आले. त्या बाईला त्याचं कारण कळलं नसेल. निघताना तिने थेंबांची ती छोटी कुपी आईच्या हातात ठेवली. "संपेपर्यंत वापरा. रंग पाहायले तुम्हाले कोणी शिकवायची गरज नाई."

शनिवारी त्या बाईने सुचवलेले फिटर आले. पन्नाशीचे, विडी कानावर. मेन लाइनपासून आमच्या दारापर्यंतचा पाइप गल्लीतल्या नालीतून गेला होता, माझ्या सासऱ्यांच्या काळात टाकलेला. म्हणजे तो तुकडा आमचा होता, आमचाच जपायचा होता. मी इतके दिवस शहराच्या पाण्यावर संशय घेत होते. फिटरांनी घाणीत हात घालून पाइप वर काढला. त्याला एका ठिकाणी दाबलं तर लोखंड भाकरीच्या पापुद्र्यासारखं सुटलं. "भाऊ, हा पायप नाही, चाळणी आहे," ते माझ्या यजमानांना म्हणाले. यजमान ओशाळले. "बाबांनी टाकला होता, वाटलं, चालून राहिला आहे तर काहून हात लावा." त्यांनी दुपारपर्यंत नवा निळा पाइप आणवला, आणि फिटरांनी तो नालीच्या वरून, बाहेरून दुसऱ्या जाड नळीचं कवच घालून नेला. तीन तास ते वाकून होते. जोड घट्ट झाल्यावर त्यांनी फडक्याने पुसला, कान लावून ऐकला, पुन्हा आवळला. कोणी पाहत नव्हतं तरी असं काम करणारी माणसं या शहरात आहेत, हे मला कधीतरी लिहायचं होतंच. आई ओट्यावर बसून त्यांच्याकडे पाहत होती. चहा देताना म्हणाली, "हात चांगला हाय तुमचा." तिच्या तोंडून ही सगळ्यात मोठी पावती.

पण पिशवी खुंटीवर भरलेलीच होती. रविवारी मी दोनदा तिच्याकडे पाहिलं आणि दोनदा आईने मला पाहताना पाहिलं. यजमान म्हणाले, "विचारू नकोस. विचारलं की त्यांना उत्तर द्यावं लागेल." रविवारी सकाळी नव्या पाइपाचं पाणी आलं, तरी आईने घागर काढलीच नाही. देवाला तिने फक्त फूल वाहिलं. मला वाटलं, झालं. ती देवालाही इथलं पाणी बंद करून चालली.

सोमवारी सव्वापाचला मी जागीच होते. बस दहाची. आई मोरीपाशी होती, पण पाटाजवळ घागर नव्हती, बादली होती. नळ खोकला. पहिली धार तिने बादलीत जाऊ दिली. बादली भरली, तिने ती पायाने बाजूला सरकवली. दुसरी लावली. मी दारात उभी राहून पाहत होते. ती घाईत नव्हती. दुसरी बादली भरल्यावर तिने काचेचा छोटा पेला नळाखाली धरला, कमरेला खोचलेली कुपी काढली, थेंब टाकले आणि पेला खिडकीकडे धरला. बराच वेळ धरला.

"चढला," ती स्वतःशीच म्हणाली. पेला मोरीत रिकामा करून धुतला, आणि मग मोरीच्या कोपऱ्यातली घागर ओढून नळाखाली ठेवली.

"आई," मी म्हणाले, आणि मोरीपाशी गेले.

"काल विचारलं मी त्याले," तिने देव्हाऱ्याकडे मान केली. "म्हटलं, चाळीस वर्षं पहिलं दिलं, आता तिसऱ्या बादलीचं चालते का? म्हणे, मले घाई नाई." घागर भरत आली तशी ती नळाची चावी बारीक करत गेली, काठोकाठ भरायची तिची जुनी सवय. "लेकीचं पाणी लागते म्हणत होती मी. लागत होता तुह्या सासऱ्याचा पायप."

मी हसले आणि मला रडू आलं. माझ्याकडे लक्ष न देता ती भिंतीला हात लावून उठली, घागर कमरेवर घेतली आणि देव्हाऱ्याकडे वळली. जाता जाता खुंटीकडे बोट केलं.

"ते पिशवी रिकामी कर. लुगडी कपाटात ठेव. अन् पहिल्या बादलीचं पाणी हाय तिथी, त्याच्यात धुऊन टाक तिले."